राजमहेंद्रीच्या खाणीतला शिंपल्यांचा थर आणि आपल्या विहिरीतली चुनखड : जुना समुद्र ओळखायचा कसा?

गंगाखेडचा मास्तर

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. भूशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नाही, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटला तर सांभाळून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत मेहुण्याकडे आंध्रात राजमहेंद्रीला जाणे झाले. तो गोदावरीच्या पश्चिम तीरावर खडीच्या धंद्यात आहे. एके सकाळी तो मला एका खाणीत घेऊन गेला. समोरच्या भिंतीत खाली काळा पाषाण, वरही काळा पाषाण, अगदी आपल्या विहिरीत लागतो तसाच, आणि दोन्हींच्या मध्ये माणूसभर उंचीचा फिकट, पिवळसर पट्टा होता. हात लावला तर खडक मऊ, आणि त्यात शिंपल्यांच्या कडा दिसत होत्या. खाणीच्या तळाशी पडलेला एक तुकडा मी रुमालात बांधून आणला आहे. तिथला मुकादम सहज म्हणाला की हा जुन्या समुद्राचा थर आहे.

आता घरचे सांगतो. गेल्या उन्हाळ्यात चुलत्यांनी विहिरीचे खोलीकरण केले, तेव्हा मी थर लिहून ठेवले होते: वर चार-साडेचार हात काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे गोळे असलेली पिवळट माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली वीतभर गेरूचा पट्टा, आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. चुनखड लागली तेव्हा चुलते म्हणाले, "हा समुद्राचा चुना आहे, इथे पूर्वी पाणीच पाणी होते." गावात सगळेच असे म्हणतात. मुकादमाचे खरे मानायचे तर चुलत्यांचे का मानू नये? एखादा थर समुद्रात साचला, खाडीत साचला की नदीत, हे नेमके कशावरून ठरवतात? आणि दोन लाव्हांच्या, म्हणजे त्या खालच्या-वरच्या काळ्या पाषाणांच्या, मध्ये समुद्र आला तरी कसा?

दगडवेडा

मास्तर, प्रश्न भाबडा अजिबात नाही. मी बरीच वर्षे महाविद्यालयात हाच विषय शिकवला आणि पहिल्या वर्षाची मुले नेमकी इथेच अडखळत. चुलत्यांच्या चुनखडीविषयी इथले विहिरींचे जाणकार बोलतीलच. मी खाणीपासून सुरुवात करतो.

एकट्या थराला "तू कुठला?" असे विचारले तर तो बहुधा धड उत्तर देत नाही. वाळू नदीतही असते आणि किनाऱ्यावरही. चिखल तळ्यात साचतो, पुराच्या मैदानात साचतो आणि समुद्राच्या तळाशीही साचतो. म्हणून थर वाचताना आधी त्याचे शेजारी पाहावे लागतात: खाली कोण, वर कोण आणि मधली सांधेजोड कशी आहे. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये मांडले. आपल्या विहीर खणणाऱ्यांना ते न सांगताही ठाऊक असते, फक्त त्यांना जे आधी लागते ते सर्वांत शेवटी साचलेले असते.

आता तुमच्या गावाखालून वाहणाऱ्या गोदावरीबरोबरच खाली चला. राजमहेंद्रीच्या खाली धवलेश्वरमला नदी फुटते आणि गौतमी व वसिष्ठ या दोन मुख्य शाखांनी समुद्राकडे जाते. शाखेच्या पात्रात जाड वाळू असते आणि तिच्यातले तिरपे पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने कललेले असतात. काठ ओलांडला की पुराने आणलेली बारीक पोयट्याची जमीन लागते. ती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात मुळे शिरतात. समुद्र जवळ आला की कोरिंग्याची खारफुटी लागते, तिथला चिखल काळा, कुजट वासाचा आणि मुळांनी गच्च भरलेला असतो. त्यापुढे खाडीचे संथ, मचूळ पाणी आणि त्यात कालवे. (आपल्याकडे कालवा म्हटले की जायकवाडीचा डावा कालवा आठवतो, मी म्हणतो ती कोकणात खडकाला चिकटलेली, खाल्ली जाणारी कालवे.) मग लाटांनी चाळून चाळून एकसारखी केलेली किनाऱ्याची वाळू, आणि तिच्या पलीकडे, जिथे लाटांचा तळाशी फारसा जोर पोचत नाही तिथे, पुन्हा बारीक चिखल, पण या चिखलात नाजूक शिंपले न फुटता राहिलेले असतात.

हे सगळे आज एकाच वेळी, एकमेकांशेजारी चालू आहे. समजा, समुद्र हळूहळू जमिनीवर चढू लागला. मग पुराच्या पोयट्यावर खारफुटीचा काळा चिखल चढेल, त्यावर खाडीचा, त्यावर किनाऱ्याची वाळू आणि शेवटी उघड्या समुद्राचा गाळ. म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे चालत जाताना पायाखाली जो क्रम लागतो, तोच क्रम एका जागी उभ्या भोकात खालून वर सापडेल. समुद्र मागे हटला किंवा नदीने गाळ टाकून त्याला मागे रेटले, तर हाच क्रम उलटा होईल: खाली बारीक चिखल आणि वर जाड वाळू. १८९४ मध्ये योहानेस वाल्थर या जर्मन भूशास्त्रज्ञाने हा नियम नीट मांडला आणि त्याला एक अट घातली, जी मुले हमखास विसरतात: थर एकामागून एक, मध्ये खंड न पडता साचलेले असले पाहिजेत. मधले काही झिजून गेले असेल तर शेजारधर्म संपला.

गोदावरीच्या मुखाशी दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेले तसा समुद्र वर चढला. चढणे थांबल्यावर नदीने गाळ टाकत त्रिभुज प्रदेश पुढे रेटायला सुरुवात केली. त्या प्रदेशात आज समुद्रापासून आत, किनाऱ्याला समांतर असे वाळूचे जुने बांध एकामागे एक दिसतात. त्यांतला प्रत्येक एके काळी किनारा होता. काकिनाड्यासमोरची होप बेट म्हणून ओळखली जाणारी वाळूची लांब जीभ तर गेल्या सुमारे दोनशे वर्षांतली आहे.

क्रमाच्या जोडीला बारीक खुणा. वाळूवरच्या लाटांच्या वळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या असतील तर पाणी मागे-पुढे होत होते; एक बाजू लांब निवांत आणि दुसरी उभी असेल तर प्रवाह एकाच दिशेचा होता. एका पापुद्र्याचे तिरपेपण डावीकडे, लगेच वरच्याचे उजवीकडे, माशाच्या काट्यासारखे, असे दिसले तर भरती-ओहोटीचा दाट संशय घ्यावा. शिंपल्याच्या दोन्ही झडपा जोडलेल्या असतील तर तो प्राणी बहुतेक तिथेच जगला आणि गाडला गेला. सुट्या झडपा पालथ्या वाट्यांसारख्या पसरलेल्या असतील तर त्या पाण्याने वाहून आणून मांडल्या आहेत.

तुमच्या खाणीकडे येतो. राजमहेंद्रीच्या परिसरात लाव्हाच्या खाली आणि लाव्हांच्या मध्ये, असे दोन प्रकारचे गाळाचे थर आहेत. खालच्या थरात ट्युरिटेला नावाच्या गोगलगायीचे लांबट, स्क्रूसारख्या पिळाचे शंख सापडतात. तो प्राणी उथळ समुद्राच्या तळाशी राहणारा. तुम्ही पाहिलेल्या मधल्या थरात खाडीत राहणारे शंख-शिंपले, उबदार उथळ समुद्रातल्या चुनेदार शेवाळांचे अवशेष, आणि त्याच थराच्या काही भागात जमीन उघडी पडल्याच्या, म्हणजे जुन्या मातीच्या खुणाही आहेत. तेव्हा "समुद्राचा थर" हे मुकादमाचे विधान ढोबळमानाने बरोबर आहे, पण मी "समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवरचा थर" असे म्हणेन. किनारा तिथे पुढे-मागे होत होता आणि तेवढ्यात लाव्हा येऊन सारे झाकून गेली.

आडातलं पाणी

भूजल सर्वेक्षणात आयुष्य गेले, त्यामुळे मास्तरांच्या विहिरीविषयी बोलायचा अधिकार आहे असे समजतो.

काळ्या मातीच्या बुडाची चुनखड समुद्राची नाही. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा आपला काळा पाषाण, झिजताना त्यातला चुना पावसाच्या पाण्यात विरघळून खाली उतरतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि चुना मातीतच गोळ्यांच्या रूपाने बसतो. एक गोळा फोडून पाहा. आत शिंपला नसेल, थरांचे पापुद्रे नसतील. बहुधा मातीचे कण आणि कुठे मुळाभोवती नळीसारखा जमलेला चुना दिसेल. हे काम आजही चालू आहे. लोक त्यावर फरशी धुण्याचे अ‍ॅसिड टाकतात, फेस आला की "समुद्र" म्हणून मोकळे होतात. फेस फक्त चुना आहे एवढेच सांगतो. (ते अ‍ॅसिड मुलांच्या हाती देऊ नका, लिंबाचा रस पुरतो, फक्त भिंगातून बुडबुडे पाहावे लागतात.)

मांजऱ्यातल्या पांढऱ्या गाठींचेही तेच. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशी खनिजे भरली. एका शेतकऱ्याने मला अशा गोल गाठी पिशवीभरून आणून दिल्या होत्या आणि त्या माशांची अंडी आहेत असा त्यांचा ठाम विश्वास होता. गेरूचा पट्टा मात्र मोलाचा. दोन लाव्हांमधल्या शांत काळात खालच्या लाव्हाचा माथा झिजला, कुठे राखही साचली, आणि वरून नवी लाव्हा आल्यावर ते भाजले गेले. म्हणजे मास्तर, राजमहेंद्रीला जिथे शिंपले आहेत तिथे तुमच्याकडे गेरू आहे. दोन्ही लाव्हांच्या मधल्या विश्रांतीचेच थर आहेत. तिकडे त्या विश्रांतीत खाडी होती आणि इकडे उघडी जमीन.

खारट पाण्यावरूनही कोणी समुद्र काढू नये. लोणारचे पाणी खारे आहे, पण ते सरोवर उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे.

लातूरकर

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक शंका राहते. ‘आडातलं पाणी’ यांनी राजमहेंद्रीची लाव्हा सहज आपल्या दख्खनच्या लाव्हाशी जोडली. सह्याद्रीपासून तिथपर्यंतचे अंतर हजार किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्या लांब लाव्हा वाहत गेली हे मानण्यापेक्षा तिथेच जमीन फाटून ती वर आली असे का मानू नये?

दुसरे असे की ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे ६१७ मीटर खोल भोक घेतले, त्यात ३३८ मीटर बेसाल्टच्या खाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली जुना पट्टिताश्म (नाइस हा पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) लागला होता. तो गाळ समुद्राचा मानायचा का?

दगडवेडा

पहिली शंका रास्त आहे आणि ती बऱ्याच अभ्यासकांनाही होती. उत्तर रसायनावरून आले. सह्याद्रीत लाव्हांचे थर त्यांच्यातील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून गटांत मांडलेले आहेत. राजमहेंद्रीची लाव्हा त्यांतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर या गटांशी जुळते. वयही जुळते, सुमारे ६.६ कोटी वर्षे. मधल्या मोठ्या पट्ट्यात लाव्हा सापडत नाही हे खरे, म्हणून ती त्या काळच्या नदीखोऱ्यांतून वाहत गेली असावी असा तर्क आहे. तसे असेल तर ते जगातल्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांपैकी ठरतात. महाबळेश्वरच्या कड्यात दिसणाऱ्या गटाचा खडक बंगालच्या उपसागराच्या काठी शिंपल्यांवर जाऊन बसला आहे, हे वर्गात सांगताना दर वर्षी मलाच नवल वाटायचे.

किल्लारीच्या गाळाविषयी: तो बेसाल्टच्या आधीचा आहे एवढे क्रमावरून ठरते. समुद्राचा म्हणायचे तर त्यात समुद्री जीव दाखवावे लागतील. नुसती जाडी किंवा खोली पाहून ते ठरत नाही. नागपूरच्या टाकळीचे उदाहरण पाहा. तिथेही लाव्हांशी निगडित गाळाचा थर आहे, त्यातही शंख आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते गोळा केले आणि १८६० मध्ये राजमहेंद्रीच्या शंखांबरोबर प्रसिद्ध केले. पण टाकळीचा मुख्य शंख फायसा, गोड्या पाण्यातला. एकाच युगातले, एकाच लाव्हाशी संबंधित असे दोन थर, दोन्हींत शंख, तरी एक तळ्याचा आणि दुसरा खाडीचा.

सीमेवरचा

मूळचा धर्माबादचा. काही वर्षे काकिनाड्याकडे तेलविहिरींवर खोदाईतल्या चुऱ्याचे निरीक्षण करण्याचे काम केले, म्हणून थोडी भर घालतो.

तिथे खाणीसारखी भिंत पाहायला मिळत नाही. खोदाईच्या चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो, तो चाळणीवर पडतो आणि आपण ठरावीक खोलीनंतर मूठभर उचलायचा. तळाशी फुटलेला चुरा वर यायला वेळ लागतो, म्हणून हातातला चुरा आत्ताच्या खोलीचा नसून मघाच्या खोलीचा असतो. त्यात भोकाच्या भिंतीतून ढासळलेले वरच्या थराचे तुकडेही मिसळतात. नवीन असताना मी एकदा अशा ढासळलेल्या कोळशाच्या कपच्यांवरून चक्क खारफुटीचा नवा थर नोंदवला होता आणि वरिष्ठांनी तो शांतपणे खोडला होता.

चुरा धुऊन, बारीक चाळणीतून काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने आम्ही फोरॅमिनिफेरा वेचायचो. हे एकपेशीय जीव, कवच बहुतेकांचे चुन्याचे आणि आकार वाळूच्या कणाएवढा. काही जाती तळाशी राहतात, काही उघड्या समुद्रात तरंगतात. तरंगणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले तर किनारा दूर जात होता असे समजायचे. खाडीत ते जवळजवळ नसतातच आणि तळाच्याही मोजक्याच, मचूळ पाणी सोसणाऱ्या जाती उरतात. राजमहेंद्रीच्या खाणींतल्या मधल्या थराचे वयही याच जीवांनी सांगितले. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की त्यातल्या तरंगणाऱ्या जाती डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या आहेत. म्हणजे खालची लाव्हा त्या विनाशाच्या अलीकडे-पलीकडे आणि वरची त्यानंतरची.

मास्तर, तुकडा तळाशी पडलेला उचलला असे आपण लिहिले आहे. तो पट्ट्याच्या बुडाचा आहे की माथ्याचा?

गंगाखेडचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. सीमेवरच्या साहेबांनी नेमके वर्मावर बोट ठेवले. तो तुकडा बुडाचा की माथ्याचा, हे मला सांगता येत नाही. एवढेच नव्हे, त्याची वरची बाजू कोणती हेही कळत नाही, त्यामुळे झडपा पालथ्या की उताण्या हा प्रश्नच मिटला.

तरी काल रात्री जुन्या दातांच्या ब्रशने तो धुतला आणि शाळेतल्या दहापट भिंगाखाली पाहिला. एका अंगाला जाड, पापुद्र्यांच्या शिंपल्याची कड आहे, तिचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. कालव असावे असे वाटते. झडप एकच आहे. मधोमध नखाएवढा, पिळाचा शंख आडवा फुटला आहे आणि त्याच्या पोकळीत साखरेसारखे चकाकणारे स्फटिक भरलेत. लिंबू पिळल्यावर शिंपल्यावरही बुडबुडे आले आणि मातकट भागावरही.

चुलत्यांच्या विहिरीतले चुनखडीचे तीन गोळे फोडले. शिंपला एकातही नाही; एकात मधोमध काडीएवढे आरपार भोक आहे. चुलत्यांना दाखवले. ते बराच वेळ त्या भोकातून उजेड पाहत राहिले आणि म्हणाले, "मग हे तुरीचं मूळ असंल." तुरीचे की आणखी कशाचे, ते त्यांच्यावर सोडले, समुद्राचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

मेहुण्याला फोन केला आहे. संक्रांतीला खाणीचे काम बंद असते आणि भिंतही कोरडी असते. तेव्हा तो फुटाफुटावर खुणा केलेला बांबू भिंतीला टेकवून खालच्या पाषाणापासून वरच्या पाषाणापर्यंत क्रमाने फोटो काढणार आहे, आणि मुकादमाच्या परवानगीने दर फुटावरचा एक तुकडा, वरच्या बाजूला खडूने बाण काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणार आहे. फोटो आले की इथेच टाकतो. दगडवेडा सर, पट्टा आणि वरचा पाषाण जिथे भेटतात तिथे गाळ भाजल्याचा रंग दिसायला हवा ना? तिथला एक फोटो जवळून घ्यायला त्याला सांगितले आहे.